सोडलेलं दूध

आमची मुलगी रडत नसे, आणि त्याचं सगळ्यांना भारी कौतुक होतं. ‘लई गरीब हाय की लेकरू,’ बघायला आलेली प्रत्येक बाई म्हणायची. आमच्याकडे न रडणाऱ्या बाळाला गरीब म्हणतात. पायाला भिंगरी लावलेल्या माझ्यासारख्या बाईच्या पोटी असं गरीब लेकरू आलंच कसं, यावर भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत थट्टा चालायची. मीही हसायचे. पहिले तीन महिने ती चांगली रडायची, भूक लागली की घर डोक्यावर घ्यायची. चौथ्या महिन्यात तिचा आवाज बारीक होत गेला आणि आम्ही समजलो, पोरीला वळण लागलं.

वळण मला नव्हतं. बाळंतपणाच्या रजेवर घरात बसायचं म्हणजे माझ्यासाठी शिक्षाच. दोन खोल्या आणि एक अरुंद गॅलरी, एवढ्यात मी दिवसभर येरझाऱ्या घालायचे. बसले की तळपायांना मुंग्या यायच्या, उठून चाललं की जरा बरं वाटायचं. जिभेची आग व्हायची. साध्या साध्या गोष्टींवरून मी नवऱ्यावर खेकसायचे, मग त्याचंच वाईट वाटून न्हाणीघरात जाऊन रडायचे. सासूबाई म्हणायच्या, ‘बाळंतिणीनं जिमिनीला पाय टेकू न्हाई एवढा. वारं शिरतंय.’ मला वाटायचं, वारं आधीच शिरलंय, आता ते बाहेर जायची वाट शोधतंय.

आता मी केलेल्या नवसाची गोष्ट.

आमचं घर लिंगायत. मटण-मासळी तर दूरच, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. अशा घरात अंगाला लागण्यासारखं जे काही असतं ते दूध, दही, ताक, लोणी, तूप. माझा तर दह्यावर जीव. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि घट्ट कवडीचं दही मिळालं की मला दुसरं काही नको असायचं. लग्नाआधी मी माहेरी दह्याचं विरजण चोरून खायचे आणि आई दुसऱ्या दिवशी शेजारी विरजण मागत फिरायची.

लग्नानंतर दोनदा राहिलं आणि दोनदा पोटातच गेलं. तिसऱ्या वेळी तिसऱ्या महिन्यात डाग दिसले. डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलं होतं, तरी मी रिक्षा करून तळ्यातल्या देवळात गेले. मी नवसाला हसणारी बाई. शाळेत विज्ञान शिकवते, पोरांना ‘कारण सांगा’ लिहायला लावते. पण त्या दिवशी मी गाभाऱ्यासमोर उभी राहिले आणि देवाशी चक्क सौदा करायला लागले. नारळ, खण, साडी मला हलकं वाटलं. देवाला खणाची काय कमी? आपला जीव ज्यात अडकलाय ते सोडलं तरच ते खरं. मी म्हणाले, हे टिकू दे, मी दूधदुभतं सोडते. आजपासून, ते बाळाचं जावळ निघेपर्यंत.

घरी येऊन सांगितल्यावर सासूबाईंनी कपाळावर हात मारला. ‘यव्वा! अगं, काशीला जाऊन मान्सं कारलं सोडत्यात. आमच्या जाऊबाईनं पडवळ सोडलं, जलमात आवडत नव्हतं तिला. शानी बाई. आन् तू दूध सोडलंस व्हय?’

‘आवडत नाही ते सोडून काय उपयोग, आत्या?’

‘बरं. बोललीस न्हवं? आता पाळायचं.’

आणि त्यांनी ते माझ्याहून कडक पाळलं. माझी आई नाही, म्हणून बाळंतपण सासूबाईंनीच केलं, आणि मनापासून केलं. डिंकाचे लाडू त्यांनी करडईच्या तेलात वळले. ते खाताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, पण डिंक, खारीक, खोबरं सगळं होतं त्यात. अळिवाची खीर दुधाऐवजी गुळाच्या पाण्यात शिजायची. मी एकदा सुचवलं, नारळाच्या दुधात करू या का. त्या बराच वेळ विचार करत बसल्या आणि म्हणाल्या, ‘नावात दूध हाय न्हवं? मग न्हाय.’ चहा कोरा. भाजीत शेपू आणि मेथी, वरण मुगाचं, लसूण भरपूर, भाकरी कुस्करून त्यावर कढत पाणी. त्यांच्या मते बाळंतिणीला याहून जास्त काही लागत नाही, आणि माझ्या छातीला दूध इतकं यायचं की त्यांचं म्हणणं खरं वाटायचं. मी रोज कॅल्शियमची गोळी घ्यायचे. दूध म्हणजे कॅल्शियम, कॅल्शियम म्हणजे गोळी. माझ्या डोक्यातला हिशेब तेवढ्यावर मिटला होता.

हे कोण म्हणत होतं? दरवर्षी सातवीच्या वर्गात फळ्यावर जीवनसत्त्वांचा तक्ता काढणारी बाई. अ कशात, त्याच्या अभावी रातांधळेपणा. ड कशात, त्याच्या अभावी मुडदूस. ब-बाराच्या ओळीत मांस, अंडी, दूध असं मी स्वतःच्या हातानं लिहायचे आणि पोरांकडून घोकून घ्यायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तक्ता परीक्षेसाठी असतो, तो आपल्या ताटाला लागू होतो हे मला कधी सुचलंच नाही.

मुलगी साडेचार महिन्यांची असताना प्यायला कंटाळा करायला लागली. दोन घोट घ्यायची आणि तोंड तसंच ठेवून पडून राहायची. मी तिला पेठेजवळच्याच एका बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. वयस्कर गृहस्थ, बोलणं कमी. सासूबाई शेजारी बसल्या होत्या.

‘अंगावरच पितेय ना?’

‘हो.’

‘वरचं काही?’

‘काही नाही.’

‘आणि दूध?’ त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं.

आता इथे मी खरं सांगते. त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं. ते माझ्या पेल्याबद्दल विचारत होते. पण विज्ञानाच्या बाईनं नवसापायी दूध सोडलंय हे त्या माणसासमोर उच्चारायची मला इतकी लाज वाटली, की मी तो शब्द सोयीनं दुसरीकडे वळवला. पाजायचं दूध तर मला होतंच.

‘भरपूर,’ मी म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग वरच्या पंख्याकडे. डॉक्टरांनी लिहून घेतलं, थेंबांची बाटली दिली आणि पंधरा दिवसांनी परत यायला सांगितलं. पंधरा दिवसांनी मी गेले नाही. मुलगी शांत झोपतेय, उगाच कशाला, असं नवऱ्याला सांगितलं. खरं म्हणजे तो प्रश्न परत ऐकायची मला भीती वाटत होती.

समोरच्या दारात एक भाभी राहतात. शाळेचे गणवेश शिवतात, चार मुलं वाढवलेली बाई. एकदा दुपारी त्या दुरुस्त केलेला माझा ब्लाऊज द्यायला आल्या आणि पाळण्याशी उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. एकदा, दोनदा, मग पाळण्याच्या दुसऱ्या बाजूनं.

‘बाई, बुरा नक्को मानो. बच्ची आवाज को पलटती नै.’

‘झोपेत आहे ती.’

‘आंखां तो खुल्ली हैं. मेरे चार हुए, मेरेकू मालूम है. इत्ती चुप बच्ची अच्छी नै होती. पहले तो हंसती थी ना मेरेकू देखके?’

मला इतका राग आला! तुमची पोरं दिवसभर बोंबलतात म्हणून सगळ्यांची बोंबलली पाहिजेत का, असं काहीतरी मी बोलले आणि दार लावून घेतलं. ब्लाऊजचे पैसे द्यायचेही राहिले. मग पाळण्याशी गेले आणि स्वतः टाळ्या वाजवल्या. तिनं छताकडे बघत पापण्या मिटल्या, उघडल्या. मान एका बाजूला कलली होती. ही मान महिन्यापूर्वी तिनं छान धरली होती. ती शेवटची कधी हसली, ते आठवायचा मी प्रयत्न केला. आठवेना. खोलीत दाराशी, खिडकीशी, परत दाराशी, मी किती फेऱ्या मारल्या देव जाणे.

त्याच आठवड्यात एकदा भर दुपारी वीज गेली. आमच्या मागच्या बाजूला यंत्रमागांची शेड आहे, टॉवेल निघतात तिथं. तो खडखडाट आम्हाला ऐकू येत नाही इतका अंगवळणी पडलाय; ऐकू येतं ते त्याचं बंद पडणं. माग थांबले की गल्लीतली सगळी तान्ही पोरं एकदम दचकून उठतात आणि रडारड सुरू होते. त्या दिवशीही झाली. चारी बाजूंनी पोरं रडत होती आणि आमच्या घरात काही नाही. मी तिला उचललं, छातीशी धरलं, तिचं डोकं माझ्या दंडावरून मागं लटकलं. मी चप्पल न घालता जिना उतरले. सासूबाई मागून ओरडल्या, ‘टोपडं तरी घाल!’ आणि मग त्याही चपला माझ्या हातात देत बरोबर निघाल्या.

डॉक्टरांनी या वेळी काही विचारलं नाही. तिची मूठ उघडली आणि बोटांची पेरं बघितली. पेरांवर काळसर छटा आली होती. सासूबाईंना वाटत होतं ती धुरीनं आलीय, मला वाटत होतं तेलानं. त्यांनी केस बघितले, विरळ आणि भुरे. खालची पापणी ओढून बघितली. मग म्हणाले, ‘हिच्याबरोबर आईचंही रक्त घ्यायचं.’

‘माझं? आजारी ती आहे.’

‘ती जे खातेय ते तुमच्याकडूनच येतंय की, बाई.’

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. तिचं रक्त कमी होतं, ब-बारा कमी होतं. माझं ब-बारा तिच्याहूनही खाली होतं. मुंग्या, जिभेची आग, ती घालमेल, सगळं त्या एका ओळीत होतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज शांत होता आणि मला तो सहन होत नव्हता. शाकाहारी आईचा साठा आधीच बेताचा असतो, ते म्हणाले. तिच्याकडेच नसलं तर दुधात उतरत नाही. दूध कितीही येऊ दे. मेंदू वाढायच्या दिवसांत बाळाला ते मिळालं नाही की बाळ शिकलेलं विसरायला लागतं. त्यांनी आम्हा दोघींना इंजेक्शनं सुरू केली. पाजणं चालू ठेवा म्हणाले. ‘आणि तुम्ही दूध-दही तर घेताच,’ ते कागदाकडे बघत म्हणाले. ‘तरी एवढं खाली कसं गेलं, नवल आहे.’ मी तेव्हाही गप्प बसले.

घरी येताना रिक्षात सासूबाई हळूच म्हणाल्या, ‘सुई घे की. सुई काय दूध न्हाय. नवस बी ऱ्हातोय, लेकरू बी ऱ्हातंय.’

वाट चांगली होती. पण मला ती नको होती. मी चिडले होते. देवावर नाही, सासूबाईंवर नाही, माझ्या त्या शहाणपणावर. घरात शिरल्याबरोबर मी मुलीला नवऱ्याकडे दिलं, स्वयंपाकघरात गेले आणि सगळ्यांसाठी लावलेल्या दह्याचं भांडं पुढ्यात ओढलं. वाटीभर दही आणि शिळी भाकरी मी उभ्यानंच खाल्ली. वर्ष झालं होतं. इतकं गोड लागलं की मला स्वतःची शरम वाटली. सासूबाई दारात उभ्या होत्या. नको म्हणाल्या नाहीत, घे म्हणाल्या नाहीत.

तीन दिवसांनी सकाळी अंघोळ घालताना मुलीचा हात थरथरायला लागला.

आधी वाटलं, थंडी वाजतेय. पंच्यात गुंडाळलं तरी थांबेना. उजवा हात, मग डावा, मग हनुवटी. पाजायला घेतलं तर माझ्या छातीवर तिची जीभ थरथरत होती. सासूबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला.  त्या देवघराकडे तोंड करून बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते. मी विज्ञानाची पदवी घेतलेली बाई, आणि माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं. मी नवस मोडला. देवानं दिलेलं देव परत नेतोय.

दवाखाना उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर बसलो होतो. डॉक्टर स्कूटर लावत होते तेव्हाच मी बोलायला सुरुवात केली. रस्त्यावरच, बाकीच्या पेशंटांसमोर. नवस, देऊळ, दूधदुभतं, गुळाच्या पाण्यातली खीर, सगळं. ‘तुम्ही विचारलं होतं तेव्हा मी खोटं बोलले. माझ्या पेल्यात वर्षभर दूध नव्हतं. आणि तीन दिवसांपूर्वी मी दही खाल्लं आणि आज हिचे हात थरथरतायत.’

त्यांनी तिला आत नेऊन टेबलावर ठेवलं. बराच वेळ तपासलं. मी टेबलाभोवती फिरत होते. त्यांनी मला दोनदा बसायला सांगितलं.

‘हे होतं काही बाळांना,’ ते शेवटी म्हणाले. ‘उपचार सुरू झाल्यावर होतं. अंगात ब-बारा जायला लागलं की काही दिवस अशी थरथर येते. थांबेल. नाही थांबली तर औषध आहे. इंजेक्शनानं झालंय हे, दह्यानं नव्हे. एका वाटीनं देव रागावत नाही, बाई, आणि एका वाटीनं ब-बाराही भरून निघत नाही.’

सासूबाईंनी विचारलं, ‘म्हंजी लेकरू जगतंय न्हवं?’

‘जगतंय की, आजी. बघा, नजर वळवतेय.’

त्यांनी फाइल उघडली. पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात माझं उत्तर लिहिलेलं होतं. त्यांनी त्यावर रेघ मारली आणि शेजारी नवीन लिहिलं. मला वाटलं होतं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

‘तेव्हाच सांगितलं असतं तर?’ मी विचारलं.

त्यांनी पहिल्या पानावरची तारीख बघितली. ‘दीड महिना आधी सुरू झालं असतं.’

‘दीड महिन्यानं काय फरक पडतो?’

‘ते आता तिच्याकडे बघूनच कळेल,’ ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तेव्हापासून मी बघतेच आहे. आता ती बालवाडीत जाते, धावते, भांडते, सगळ्यांच्या आधी जेवायला बसते. बोलायला मात्र उशिरा लागली. एखादा शब्द तिला पटकन सापडला नाही की मी आतून उठून उभी राहते. सगळ्याच मुलांना सापडत नाही कधीकधी, नवरा म्हणतो. खरं असेल. पण माझ्यापुरता तो दीड महिना कुठंतरी शिल्लक आहे आणि तो कुठं आहे हे मला कुणी सांगू शकत नाही. ती सतत काहीतरी बडबडते आणि मी तिला कधीही गप्प बस म्हणत नाही. शाळेत म्हणते, घरी नाही.

थरथर चालू होती त्याच दिवसांत समोरच्या भाभींकडे मी स्वतःहून गेले, ब्लाऊजचे पैसे घेऊन. माफी कशी मागायची ते जुळवत होते, तर त्यांनी मशीन थांबवून आधी विचारलं, ‘बच्ची पलटी क्या?’ मी नाही म्हणाले. ‘पलटेगी,’ त्या म्हणाल्या आणि पैसे मोजून घेतले.

थरथर आठव्या दिवशी कमी झाली, बाराव्या दिवशी थांबली. घरात कुणी जोरात श्वाससुद्धा घेत नव्हतं. सासूबाई रोज सकाळी माझ्यासमोर दुधाचा पेला ठेवायच्या आणि मी तो संपवेपर्यंत तिथून हलत नसत.  जावळाचं त्यांनी देवाला काय सांगितलं, ते त्यांचं त्यांना माहीत.

मग एका दुपारी, साधारण तीन आठवड्यांनी, मी गॅलरीत लंगोट वाळत घालत होते. सासूबाई आत ज्वारी पाखडत होत्या. मागे माग चालू होते. त्या खडखडाटावर चढलेला एक आवाज आला, संतापलेला, पहिला तुटका, मग सलग. माझ्या हातातला लंगोट खाली रस्त्यावर पडला.

आत सुपाचा आवाज थांबला. सासूबाईंनी तिथूनच विचारलं, ‘कुनाचं लेकरू रडतंय गं एवढं?’



‘आपलं,’ मी म्हणाले. ‘आपलंच रडतंय, आत्या.’